ताईचा झटका

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा साष्टांग या खेपेला शब्दशः घे. गेले दोन महिने मी रोज सकाळी गाडीशेजारी पालथा पडून खालच्या फरशीवर तेलाचा थेंब दिसतो का ते बघतो. शेजारीपाजारी पहिले चार दिवस काळजीने विचारायचे, आता वळसा घालून जातात.) तू कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? भाऊजींची कंबर कशी आहे? मागे फोनवर म्हणत होते की वाकता येतं, पण पुन्हा सरळ होताना कुणाला तरी हाक मारावी लागते. त्यांना म्हणावं, हाकेला ओ देणारं माणूस घरात असेल तेव्हाच वाकत जा. तुझ्या बाल्कनीतल्या कुंड्या, लेकीची नवी नोकरी, वरच्या मजल्यावरून होणारी गळती, या सगळ्यांची मी याच ओळीत चौकशी केली असं समज. मला मुद्द्यावर यायचंय, आणि मुद्द्यावर यायला मला किती वेळ लागतो ते तुला लहानपणापासून माहीत आहे.

मुद्दा बाबांच्या गाडीचा. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस, आणि ही हकिगत अशी आहे की मध्ये कुणी बोललं तर मी ती शेवटपर्यंत नेणार नाही, हवापाण्याच्या गप्पांवर घसरेन. कागद बरा. तो 'हं, मग?' असं विचारत नाही.

तर गाडी फार थरथरायला लागली होती. थरथरायची ती पूर्वीपासूनच, हे तुला मी काय सांगणार. काटा पंचावन्नच्या आसपास आला, पाय ॲक्सिलरेटरवर हलकाच असला आणि समोर थोडा चढ असला, की एखाद-दोन सेकंद असं वाटायचं की रस्त्यावर कुणीतरी पन्हाळी पत्रे अंथरून ठेवलेत. आरसा थरथरायचा, दारं थरथरायची, माझे गाल थरथरायचे (पूर्वी नव्हते थरथरत, पूर्वी गालच नव्हते). मग सगळं आपलं आपण थांबायचं. या प्रकाराला आपल्या घरात 'ताईचा झटका' म्हणत. इतकी वर्षं म्हणत आलो की त्यात कुणा ताईचं नाव आहे हे आमच्या ध्यानातही येईनासं झालं होतं. परवापर्यंत माझी बायकोसुद्धा त्याला गाडीच्या एखाद्या भागाचं नाव समजत होती. गेल्या वर्षापासून मात्र हा झटका चाळिसावरच यायला लागला आणि एकदा आला की मुक्कामालाच राहायला लागला. शेवटी एकदा हिच्या हातातल्या थर्मासचं झाकण उडून चहा तिच्या मांडीवर सांडला आणि तिने मला मुदत दिली. आठवडाभरात गाडी तरी बघायची, नाहीतर स्वतःची सोय.

थरथर म्हटल्यावर मी आधी चाकं तपासली. चाकांचं काही नव्हतं. मग इंजिनाखालचे रबर बदलले, मग ठिणगीचे प्लग बदलले, मग सीटखाली आईची एक जुनी छत्री सापडली तीही काढली, न जाणो. (छत्री ठेवून दिली आहे. उघडत नाही, पण मूठ तीच आहे, जी आई मागच्या सीटवरून बाबांच्या खांद्याला टेकवायची, 'हळू' म्हणायच्या ऐवजी.) कशाने काही फरक पडला नाही. तेव्हा पहिल्या गॅरेजवाल्याने चक्कर मारली आणि खाली उतरून एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला की हे गिअरबॉक्सचं आहे, आणि त्याला हात लावू नका. का, तर आतलं तेल इतकं जुनं झालंय की आता त्या तेलातल्या घाणीवरच गिअर धरून आहेत. तेल काढलंत तर गाडी जागची हलणार नाही. दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथे काचेची खोली, गार हवा, माशांची पेटी आणि एक कपाटाएवढं यंत्र, जे म्हणे अर्ध्या तासात जुनं तेल जोर लावून थेंबनथेंब बाहेर ढकलतं आणि नवं भरतं. मी खूश झालो. मग त्यांनी एक फॉर्म पुढे केला. त्यात लिहिलं होतं की यानंतर गाडी चालली नाही तर त्याची जबाबदारी त्यांच्यावर नाही. मी मासे बघतो असं सांगून उठलो आणि माशांच्या पलीकडच्या दाराने निसटलो.

आता इथे मला जरा मागे जाऊ दे. तुला आठवतं, बाबांनी ती गाडी आणली तो दिवस? नकाशे काढणारा माणूस. मोजणीच्या कामात खडकावरून घसरून डावा गुडघा कायमचा ताठ झालेला. क्लच दाबणं अशक्य, म्हणून गाडीचं नाव काढायचं नाही असा घरात अलिखित नियम होता. आणि एका रविवारी ते स्वतः चालवत दारात आले, डावा पाय लांब सोडलेला, आणि पहिलं वाक्य काय, तर 'हिला डाव्या पायाची गरजच नाही.' मी एकोणीस वर्षांचा होतो, तू तेवीसची. बाबांना मी तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मग दर रविवारी तलावाचा रस्ता. आई मागे उशी घेऊन, मी तिच्या शेजारी, तू पुढे मांडीवर नकाशा उघडून (रस्ता एकच होता, पण बाबांच्या गाडीत नकाशाशिवाय बसायचं नाही). गिअरची दांडी रिव्हर्सवर ओढली की गाडी क्षणभर काहीच करायची नाही, आणि आपण काही बोलणार तोच बाबा बोट वर करायचे, 'थांबा, तिला ठरवू द्या.' गरम रेक्झिनचा तो वास अजूनही उन्हात उभी केली की येतो. मी कधीकधी कुठे जायचं नसलं तरी दार लावून आत बसतो. हिला सांगतो, चाव्या शोधतोय.

आणि बाबांनी तुला शिकवलं. मला नाही, तुला. मला का नाही, तर मी खटपट्या. माझ्या हातात दिलेली वस्तू सुट्या भागांत परत मिळते, असं त्यांचं म्हणणं, आणि रेडिओच्या बाबतीत ते खरंही होतं. तू छान चालवायचीस, ताई. बंद गिरणीच्या मागच्या मैदानावर तू वळण घ्यायचीस तेव्हा बाबा बाहेर बघत बसायचे, रस्त्याकडे नाही, आणि बाबांनी रस्त्याकडे न बघणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. तुला तेव्हा प्रयोगशाळेतली ती नोकरी लागली होती, बारा किलोमीटरवर. पहिल्या तारखेपासून गाडी तू न्यायची असं ठरलं होतं. मग त्या रविवारी तू गाडी पुरती थांबायच्या आत दांडी रिव्हर्सला टाकलीस. खाडकन आवाज झाला. आई 'अगं बाई' म्हणाली. आणि पुढच्या रविवारी, तलावाच्या चढावर, बाबाच चालवत असताना, गाडी आयुष्यात पहिल्यांदा थरथरली.

'त्या दिवशीचा झटका बसला तिला,' बाबा म्हणाले. रागाने नव्हे, उलट अगदी हळू. मी मागून तुझी मान बघत होतो. तू नकाशाची घडी घातलीस, एकावर एक, पार लहान होईपर्यंत. पहिल्या तारखेला तू बसने गेलीस. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत बसनेच गेलीस. गाडीला पुन्हा हात लावला नाहीस. भाऊजींनी घेतली त्या गाडीलासुद्धा नाही.

हं. आता गिअरबॉक्सवाले काका. (बघ, मी म्हणालो होतो ना, मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो.) हे पेट्रोल पंपाच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये बसतात, एका वेळी तीनच गाड्या घेतात आणि दोन चष्मे वापरतात, एक गाडीसाठी आणि एक गिऱ्हाइकासाठी. त्यांनी इंजिन चालू ठेवायला लावलं, ब्रेकवर पाय ठेवून दांडी एकेका खाचेत क्षणभर थांबवत फिरवली आणि मग तेल मोजायची पट्टी काढून एक थेंब पांढऱ्या कागदावर टेकवला. नवं तेल लाल असतं म्हणे, सरबतासारखं. आपलं कोऱ्या चहासारखं होतं, आणि वास करपलेल्या दुधाचा. त्यांनी विचारलं की कधी बदललं होतं. मी अभिमानाने सांगितलं, कधीच नाही. पुस्तकात लिहिलंय, हे तेल आयुष्यभर पुरतं. त्यांनी चष्मा बदलून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'कुणाच्या?'

मग त्यांनी मला समजावलं, आणि इतक्या सोप्या भाषेत की मला पळवाटच राहिली नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये एक तबकडी असते. गाडीने वेग धरला की ती दुसऱ्या भागाला अलगद चिकटते. ती अलगद चिकटावी म्हणून ते खास तेल. तेल जुनं झालं किंवा त्यात भलतंच काही मिसळलं की ती धरते, सुटते, धरते, सुटते, सेकंदात कितीतरी वेळा. तीच थरथर. सगळं तेल एकदम काढायचं नाही. थोडं काढायचं, तेवढंच नवं घालायचं, काही दिवस गाडी फिरवायची, पुन्हा तसंच. असं तीनदा. जुन्या गाडीला दमाने घ्यायचं. मी मान डोलावत होतो. एवढ्यात त्यांनी सहज विचारलं, 'यात कुणी इंजिनचं तेल तर ओतलं नव्हतं ना?'

'छे!' मी म्हणालो. त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणालो. शेजारी ही थर्मास धरून उभी होती. पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला त्या 'छे'मध्ये काय ऐकू आलं असेल ते मी तुला सांगायला नको. तिने फक्त झाकण घट्ट लावलं.

दुसऱ्या खेपेला (ही थर्मास घेऊन याही वेळी सोबत) काकांनी गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं तबक उघडलं. त्यात चार लोहचुंबक बसवलेले असतात, झिजलेल्या लोखंडाचा चुरा धरून ठेवायला. त्यांनी ते मला दाखवले. राखाडी, लोण्यासारखा बारीक थर, बस. एक कण नाही, एक टवका नाही. 'दात शाबूत आहेत,' काका म्हणाले, 'आत काहीच मोडलेलं नाही. कधीच नव्हतं.'

मी विचारलं की समजा, चौतीस वर्षांपूर्वी कुणी चालत्या गाडीत दांडी रिव्हर्सला टाकली असेल, तर त्यामुळे ही थरथर लागू शकते का.

'किती वेळा टाकली?'

'एकदा.'

काका हसले. 'एकदा टाकल्याने माणूस घाबरतो हो. गिअरबॉक्स नाही.'

ताई, मी तिथल्या पालथ्या घातलेल्या डब्यावर बसलो. आणि मग मी काकांना ते सांगितलं जे आईला, बाबांना, हिला, कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या रविवारी तुझा खाडकन आवाज झाला. मंगळवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी मनात ठरवलं की झटक्याने काही बिघडलंय का ते मी तपासणार, दुरुस्त करणार, आणि बाबा म्हणणार, खटपट्याच्या हाताला गुण आहे. मी बॉनेट उघडलं, पट्टी काढली. तेल खुणेच्या खाली. मला कुठे माहीत की हे तेल गाडी गरम असताना, इंजिन चालू ठेवून बघायचं असतं, थंड असताना ते कमीच दिसतं? कपाटात इंजिनच्या तेलाची बाटली होती. अर्धी ओतली. फडक्याने नळी पुसली, बाटलीत जुनं तेल घालून ती पहिल्याइतकी भरली (यात मात्र माझ्या हाताला गुण होता), आणि बॉनेट लावलं. बाकीचं तुला माहीत आहे. पुढच्या रविवारी चढावर ती थरथरली, बाबा बोलले, आणि तू नकाशाची घडी घातलीस.

मला तेव्हा कळलं का? तेलामुळेच हे झालं, असं पक्कं ठाऊक नव्हतं. नव्हतंच, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतो आहे. पण मागच्या सीटवर मला घाम फुटला होता, आणि ज्याला काही माहीत नसतं त्याला घाम फुटत नाही. उद्या सांगू म्हणालो. मग तू बसचा पास काढलास, मग म्हटलं आता काय सांगायचं. मग तुझं लग्न झालं. मग बाबा गेले. बोलायची संधी आली की मी काहीतरी विनोद करायचो, आणि तू हसायचीस, आणि ती वेळ टळायची.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. हात पुसले. मग विचारलं, 'बहीण आहे?'

'आहे.'

'गाडी चालवते?'

'नाही.'

ते पुन्हा गाडीखाली गेले. तिथून त्यांचा आवाज आला तो एवढाच, की पाना द्या, चौदा नंबरचा. मी दिला. हिने पहिल्यांदाच थर्मास उघडला आणि चहा काकांना दिला. मला नाही.

त्या संध्याकाळी मी गाडी घेऊन तलावाच्या चढावर गेलो, एकटाच. काटा चाळीस, पन्नास. मी दात आवळले. पंचावन्न. काही नाही. साठ. काही नाही. पासष्टला ती चढली, ताई, दुधावरच्या सायीसारखी गुळगुळीत. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला आठवलं की त्या रविवारनंतर बाबांनी काटा कधी अठ्ठेचाळीसच्या वर नेला नाही (पुढे झटका यायचा तो मी चालवायला लागल्यावर, माझ्याच हातात). आपण म्हणायचो, वय झालं, सावकाश चालवतात. ते वयाने सावकाश चालवत नव्हते. तुझ्या नावाची ती थरथर तुझ्या कानावर येऊ नये, तू गाडीत असताना तर नाहीच नाही, म्हणून ते तिच्या अलीकडे थांबत होते. वीस वर्षं. हे मला चढ संपता संपता कळलं, आणि मग मी गाडी कडेला घेतली, कारण समोरचं दिसेना.

असो. तर गाडी बरी आहे. भाऊजींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. कंबर आणि गुडघा दोघांनाही जपा.

तुझा,
खटपट्या

ता. क. गाडी बरी आहे म्हणालो, पण काम अजून पुरं झालेलं नाही. तिसऱ्यांदा तेल बदलायच्या आधी ती पाचशे किलोमीटर तरी चालली पाहिजे, आणि उभी ठेवली तर दोन खेपांची मेहनत वाया, असं काकांनी बजावलंय. अडचण अशी की येत्या सोमवारी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. (म्हणजे त्या चढावर समोरचं दिसेना त्याला थोडंसं हेही कारण असेल, पण थोडंसंच.) डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायला बंदी केली आहे. हिला येत नाही. भाड्याच्या ड्रायव्हरला बाबांच्या सीटवर बसवायला मन घेत नाही. भाऊजी फोनवर बोलता बोलता म्हणून गेले की तू तुझं लायसन्स दर मुदतीला न चुकता नवं करून घेतेस, ओळखपत्र म्हणून. ओळखपत्रं तुझ्याकडे आणखी तीन आहेत, हेही तेच म्हणाले. तेव्हा महिनाभर ये. भाऊजींनाही आण, हाक मारायला इथे दोन माणसं आहेत.

ता. क. २. तुला वाटेल, पश्चात्ताप होऊन मी हे लिहिलं. तसं वाटलं तर माझी हरकत नाही, पण खरं सांगतो. शेडमधून परत येताना ही म्हणाली, 'वन्संना तुम्ही लिहिता की मी लिहू?' आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

ता. क. ३. पाकीट बंद करण्याआधी हिने पत्र वाचायला घेतलं. सगळं वाचलं, दोन ठिकाणी हसली, एका ठिकाणी नाक पुसलं, आणि म्हणाली, 'एवढं लिहिलंत, पण यात माफी कुठे आहे?' मी म्हणालो, आहे की, नीट बघ. मग मीच बघितलं. सगळी पानं उलटून बघितली. तेल आहे, मासे आहेत, चुंबक आहेत. माफी खरंच नाही.

ताई, गाडी माझ्यामुळे थरथरली आणि चालवायची तू सोडलीस. मला माफ कर.